तंटा मिटवायचा तर नुकसान भरून कसं द्यायचं: जुन्या करारातली पद्धत

सोलापुरात काय किंवा कुठंही काय, भांडण झालं की दोनच रस्ते ठरलेले असतात. एक तर चौकीत जाऊन तक्रार द्यायची, नाहीतर एखादा वजनदार माणूस मध्ये घालून दोघांना हात मिळवायला लावायचे, चहा प्यायचा आणि उठायचं. पहिल्या रस्त्यात केस वर्षानुवर्षं चालते, दुसऱ्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, आणि दोन्हीकडं ज्याचं नुकसान झालं त्याला कुणी नीट विचारत नाही की तुझं नेमकं काय गेलं, ते परत कसं येईल आणि कुणी आणून द्यायचं. मी ख्रिस्ती घरातला, लहानपणापासून जुना करार ऐकत आलोय, आणि मला मनापासून वाटतं की या प्रश्नाचं उत्तर त्यात किती बारकाईनं दिलंय हे लोकांपर्यंत पोचलेलंच नाही, लोकांना फक्त ‘डोळ्याला डोळा’ तेवढं पाठ असतं.

जुना करार म्हणजे यहूदी लोकांचे हिब्रू भाषेतले ग्रंथ, निर्गम, लेवीय, शमुवेल, यशया वगैरे. हे सगळं मराठीत सहज मिळतं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घालून केलेलं मराठी भाषांतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून आलं, आणि कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे यहूदी लोक तर याच कथांवर मराठीत कीर्तनं करायचे. त्यामुळं खाली लिहिलंय ते वापरायला तुम्ही ख्रिस्ती किंवा यहूदी असायची काहीच गरज नाही, भांडण असलं म्हणजे झालं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं कामाला असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं थोडे थोडे करून सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रिळी, बाहेर नेऊन विकले, १०,००० रुपयांचा माल. मालकाला कळलं. आता काय करायचं?

कुठं ही पद्धत वापरायची नाही ते आधी

हे शेवटी लिहिलं तर लोक वाचत नाहीत म्हणून आधी लिहितो. बलात्कार, लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, जातीवरून झालेला अत्याचार, यात गल्लीतली बैठक बसवायची नाही म्हणजे नाही. मुलांच्या बाबतीत तर पॉक्सो कायद्यानं (२०१२) कळवणं बंधनकारकच आहे, दाबून ठेवणं हाच गुन्हा. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, हे नंबर फोनमध्ये ठेवा.

आणि हे फक्त आजचा कायदा म्हणतो म्हणून नाही. २ शमुवेल १३, म्हणजे शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा १३ वा अध्याय वाचा. दावीद राजाच्या घरात अम्नोननं आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर बळजबरी केली. ती आधी स्पष्ट शब्दांत नको म्हणाली होती, नंतर डोक्यावर राख घालून रडत बाहेर पडली. भाऊ अबशालोम म्हणाला गप्प बस, तो तुझा भाऊच आहे. दावीदाला राग आला, खूप आला, पण त्यानं केलं काहीच नाही. तामार भावाच्या घरात उजाड होऊन राहिली आणि दोन वर्षांनी अबशालोमनं अम्नोनला मारून टाकलं, पुढं बापलेकातच लढाई झाली. घरातलं घरात मिटवू म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा अध्याय वाचायला द्यावा असं मला वाटतं. यिर्मया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, तर याच्यावर चिडून बोललाय, की माझ्या लोकांची जखम यांनी वरवर बरी केली, शांती शांती म्हणत राहिले आणि शांती कुठंच नव्हती.

तर ही पद्धत कशासाठी? चोरी, पैशाचा व्यवहार, उधारी, भिंतीची-पाण्याची भांडणं, हाणामारी, गाडीचा धक्का, खोटं बोलून केलेलं नुकसान, भावाभावातली वाटणी. आणि समोरच्याच्या जिवाला भीती नसेल तरच.

राग आलेला असताना बैठक बोलवू नका

नहेम्या नावाचा एक माणूस होता, इ.स.पू. ४४५ च्या सुमारास इराणच्या बादशहाकडून यरुशलेमला आला, शहराची पडलेली भिंत बांधायला. काम चालू असताना गरीब लोक ओरडत आले की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आता पोरंबाळं गुलामीत द्यायची वेळ आली, आणि घेणारे कोण तर आपलेच भाऊबंद. नहेम्याला भयंकर राग आला असं तिथं लिहिलंय. पण त्याच्या पुढचंच वाक्य बघा, त्यानं आधी मनाशी विचार केला, आणि मग सावकारांना तोंडावर बोलला, आणि मग सभा बोलवली. राग, मग विचार, मग समोरासमोर, मग सगळ्यांपुढं, हा क्रम.

आपल्याकडं उलटं होतं की. कळल्या कळल्या फोन, फोनवर शिव्या, मग ग्रुपवर मेसेज, आणि मग विचार. एकदा ग्रुपवर पडलं की समोरचा माणूस नुकसानीचं बोलायचं सोडून स्वतःची अब्रू वाचवायच्या मागं लागतो आणि ते बरोबरच आहे, कुणीही लागेल. म्हणून पहिला नियम, एक रात्र जाऊ द्या आणि कुणालाही काही टाइप करू नका. दुसऱ्या दिवशी एकटं जाऊन बोला. लेवीय १९ मध्ये हे अगदी साफ सांगितलंय, भावाचा मनात द्वेष धरू नको, त्याला तोंडावर सांग, सूड घेऊ नको, आणि लगेच त्याच ओळीत येतं की शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. लोक प्रीतीचं तेवढं उचलतात आणि तोंडावर सांगायचं विसरतात.

मऊ बोलणं म्हणजे काय, हे अबीगईलकडून शिका

मऊपणाला आपण कमजोरी समजतो, गप्प बसणारा म्हणजे भित्रा. या ग्रंथांत तसं अजिबात नाही. तिथं मऊ कोणाला म्हटलंय तर मोशेला, जो आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायला मिसरच्या राजापुढं, फारोपुढं जाऊन उभा राहिला. नीतिसूत्रे नावाच्या पुस्तकात म्हटलंय की रागाला आवरणारा हा शहर जिंकणाऱ्यापेक्षा बरा, आणि मऊ जीभ हाडसुद्धा मोडते. हातात ताकद आहे आणि तरी ती धरून ठेवलीय, त्याला ते मऊपणा म्हणतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १ शमुवेल २५ मध्ये आहे, आणि हे सावकाश वाचा. नाबाल नावाचा श्रीमंत माणूस, ३००० मेंढरं आणि १००० शेरडं. दावीद तेव्हा राजा झालेला नव्हता, रानात माणसं घेऊन फिरत होता, आणि त्याच्या माणसांनी नाबालच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं. लोकर कातरायच्या सणाला दावीदानं थोडं खायला मागितलं, तर नाबालनं अपमान करून हाकललं. दावीदाचं डोकं फिरलं, ४०० माणसं तलवारी घेऊन निघाली, सकाळपर्यंत त्याच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही म्हणाला. हे एका चाकरानं नाबालच्या बायकोला, अबीगईलला सांगितलं.

तिनं काय काय केलं ते एक एक करून बघा, कारण मध्यस्थी करणाऱ्यानं हेच करायचंय. ती लगेच उठली, उद्या बघू म्हणाली नाही. मोकळ्या हातानं गेली नाही, २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधलेली पाच मेंढरं, भाजलेलं धान्य, मनुकांचे १०० घड, अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादून आधी पुढं पाठवल्या, म्हणजे जे द्यायचं राहिलं होतं ते बोलण्याच्या आधी पोचलं. दावीद दिसल्यावर गाढवावरून उतरली आणि म्हणाली दोष माझ्यावर येऊ दे. नवऱ्याची बाजू घेऊन खोटं बोलली नाही, तो मूर्खपणानं वागला हे सरळ कबूल केलं. आणि मग, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तिनं दावीदाला त्याच्या उद्याची आठवण दिली, की तू राजा होशील तेव्हा उगाच रक्त सांडल्याचं ओझं तुझ्या मनावर नको. त्याला घाबरवलं नाही, खाली दाखवलं नाही, त्याच्यातला चांगला माणूस त्याच्यापुढं उभा केला. दावीद तिथल्या तिथं थांबला आणि तिचे आभार मानले.

घरी आली तर नाबाल दारू पिऊन पडलेला. ती त्या रात्री एक शब्द बोलली नाही, सकाळी उतरल्यावर सांगितलं. पिलेल्या माणसाशी तंट्याचं बोलायचं नाही, हा नियम पाळला असता तर आपल्याकडच्या निम्म्या हाणामाऱ्या झाल्याच नसत्या.

कोण बसणार, कुठं बसणार

त्या काळी न्याय शहराच्या वेशीत व्हायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, वडीलधारी माणसं बसायची. रूथच्या पुस्तकात बवाज सकाळी वेशीत जाऊन बसतो, दहा वडील माणसांना बसा म्हणतो आणि शेताचा आणि रूथ या विधवेशी लग्नाचा विषय सगळ्यांदेखत मिटवतो. उघड्यावर का, तर नंतर मी असं म्हणलोच नव्हतो असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. न्याय देणाऱ्यांसाठी अटी दोन, लाच घ्यायची नाही आणि तोंड बघून न्याय करायचा नाही, आणि लेवीयात तर असंही म्हटलंय की गरीब आहे म्हणून त्याची बाजू घेऊ नको आणि मोठा आहे म्हणून त्याला मान देऊ नको.

मग आपल्या सुताच्या उदाहरणात मालकाच्या केबिनमध्ये बसायचं नाही, कारण तिथं पोरगं उभं राहणार आणि मालक खुर्चीत बसणार, तिथंच न्याय संपला. एखाद्या ओळखीच्या घरी, समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात बसा, सगळे एकसारखे बसतील असं. दोन माणसं मध्ये घ्या, एक मालकाच्या विश्वासाचा, एक पोराच्या घरच्यांच्या विश्वासाचा. ज्याच्याकडून दोघांपैकी कुणी उचल किंवा उसने घेतलेत तो नको, आणि निवडणुकीला उभा राहणारा तर नकोच. पोराची आई असू दे, विड्या वळून घर चालवत असेल तर तिचा विड्या द्यायला ब्रँचला जायचा दिवस आणि वेळ सांभाळून बैठक ठेवा, तिचा रोजगार बुडवून न्याय करू नका. आणि भाषेचं बघा. आपल्या गावात मालक तेलुगू, कामगार कन्नड, मध्यस्थ मराठी आणि शेजारी उर्दू बोलणारा असं सहज होतं, तर ज्याची बाजू नाजूक आहे त्याला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं त्या भाषेत बैठक चालू द्या, बाकीच्यांना कुणीतरी समजावून सांगेल.

गावाकडं असाल तर तंटामुक्त समिती आहेच, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून आली, समिती चालू असेल तर तिला धरा. केस कोर्टात गेलेली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत ठेवायला सांगा, तिथं तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. पण तिथं जायच्या आधी खालचा हिशोब करून जा.

बोलायला लावायचं कसं

नाथान संदेष्ट्यानं दावीदाला केलं तसं. दावीदानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं होतं, आता राजाला तोंडावर बोलणार कोण. नाथान गेला आणि एक गोष्ट सांगितली, एका श्रीमंताकडं मेंढरांचे कळप होते आणि गरिबाकडं एकच कोकरी, लेकीसारखी वाढवलेली, पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं त्या गरिबाची कोकरी कापली. दावीद भडकून म्हणाला त्यानं चौपट भरून दिलं पाहिजे. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

चूक करणाऱ्याच्याच तोंडून निवाडा येऊ द्या, एवढंच यातून घ्यायचं. पोराला ‘तू चोर आहेस का’ असं विचारलं तर तो नाही म्हणणार किंवा मान खाली घालणार, दोन्हीचा उपयोग नाही. असं विचारा: काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग, यात कुणाकुणाला त्रास झाला असं तुला वाटतं, तुझ्या घरातली वस्तू अशी गेली असती तर तू काय मागितलं असतंस. मग गप्प बसा, तो बोलेपर्यंत खरंच गप्प बसा, ते अवघड जातं. आणि मालकालाही विचारा, पैशाशिवाय काय गेलं? बऱ्याचदा उत्तर येतं की माझा विश्वास गेला, किंवा ऑर्डर वेळेत गेली नाही, किंवा त्या कोनांसाठी मी दुसऱ्याच कामगाराला बोललो होतो. हे तिसरं बाहेर आलं तर त्या दुसऱ्या कामगारालाही बोलवायला पाहिजे, त्याचंही नुकसान झालंय आणि ते मालकानं केलंय.

१९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती, तिथल्या एका प्रोबेशन अधिकाऱ्यानं न्यायाधीशाला पटवलं की यांना ज्यांचं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात पाठवा. पोरं घरोघर गेली, ऐकून घेतलं, नंतर पैसे भरून दिले. तो अधिकारी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा, हेच ग्रंथ वाचून वाढलेला. जगभर आज ज्याला पुनर्स्थापनेचा न्याय म्हणतात त्याची आजची वाटचाल बहुतेक लोक तिथून धरतात.

हिशोब

इथं जुना करार सगळ्यात जास्त कामाला येतो. निर्गम २२: बैल चोरून कापला किंवा विकला तर एकाला पाच बैल द्यायचे, मेंढरू असेल तर चार, आणि जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. गणना ५ आणि लेवीय ६: माणूस स्वतःहून कबूल झाला तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, ज्याचं गेलं त्याच्याच हातात. म्हणजे १०,००० च्या सुतासाठी स्वतःहून आला तर १२,००० आणि पकडला गेला तर २०,०००. स्वतःहून परत येणाऱ्याचा रस्ता त्यांनी स्वस्त ठेवलाय, आणि मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण कबूल करणाऱ्याला आणि पकडलेल्याला सारखंच झोडलं तर कबूल कोण करेल? तुमच्या कारखान्यात, सोसायटीत, बचत गटात हा नियम आधीच सांगून ठेवा.

लेवीयात आणखी एक आहे, देवापुढं अर्पण न्यायच्या आधी माणसाचं देऊन टाकायचं. देवळात पेटी भरली, चर्चमध्ये दान दिलं आणि शेजाऱ्याचं बुडवलं, हे चालत नाही. पुढं इ.स. २०० च्या सुमारास यहूदी गुरूंनी मिश्ना नावाचा संग्रह केला, त्यातही लिहिलंय की माणसामाणसातल्या पापाला प्रायश्चित्ताचा दिवससुद्धा धुऊ शकत नाही, जोवर समोरच्याची समजूत घातली जात नाही.

बैलाला पाच आणि मेंढराला चार का, यावर त्या गुरूंची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत. रब्बी मेयर म्हणाले, बैल गेला की मालकाचं कामही बंद पडतं म्हणून जास्त. सोलापुरात हे वेगळं समजवायला नको, सुताअभावी माग बंद राहिला तर त्या दिवसाची खोट वेगळी धरायची. दुसरे योहानान बेन जक्काय म्हणाले, बैल स्वतःच्या पायानं चालत येतो पण मेंढरू चोराला खांद्यावर घेऊन पळावं लागतं, त्यात त्याची जी लाज गेली तेवढं कमी धरा. चोराच्या लाजेचासुद्धा हिशोबात विचार केलाय, कितीदा वाचलं तरी मला याचं नवल वाटतं.

मारामारीचा हिशोब वेगळा. ‘डोळ्याला डोळा’ हे सूड घ्या असं सांगायला आलेलं नाही, सूडाला वरची मर्यादा घालायला आलंय. उत्पत्तीत लामेख नावाचा माणूस ७७ पट सूड घ्यायची बढाई मारतो, त्याच्यापुढं एकाला एक म्हणजे लगामच. निर्गम २१ मध्ये तर लगेच आधी सांगितलंय की भांडणात दगडानं किंवा बुक्कीनं मारलं आणि समोरचा अंथरुणाला खिळला तर त्याचा बुडालेला वेळ भरून द्यायचा आणि त्याला पूर्ण बरं करायचं. मिश्नात याचे पाच कप्पे केलेत: कायमचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि अपमान. रस्त्यावरच्या भांडणात एखाद्या माग चालवणाऱ्याचं मनगट मोडलं तर आपण दवाखान्याचं बिल देऊन मोकळे होतो. कागदावर पाच ओळी लिहा. बिल, प्लास्टर निघेपर्यंतचे खाडे गुणिले रोजची मजुरी, हात पहिल्यासारखा चालणार नसेल तर त्याचं, दुखण्याचं, आणि चारचौघात मार खाल्ल्याचं. शेवटच्या दोन ओळींना आकडा लावणं कठीण जातं, पण तिथं ज्याला लागलंय त्यालाच विचारा, पुष्कळदा तो पैसे मागतच नाही, म्हणतो त्याच चौकात येऊन चूक झाली म्हण.

पैसे नसतील तर? इथं मी लपवणार नाही, निर्गमात लिहिलंय की चोराकडं काही नसेल तर त्याला विकून भरपाई करावी, आणि त्या ग्रंथांत दगडमाराच्या शिक्षाही आहेत. तो भाग तसाच उचलायचा नाही. पण त्याच कायद्यानं त्या चाकरीला सहा वर्षांची मर्यादा घातली आणि सातव्या वर्षी सोडताना मोकळ्या हातानं पाठवू नको, कळपातलं खळ्यातलं भरून दे असं सांगितलं, म्हणजे ओढ कुठल्या दिशेला आहे ते कळतं. आपण हप्ते बांधायचे, पगाराच्या मानानं इतके कमी की घरात भाकरी राहील. उचलीत अडकवून पोराला फुकट राबवायचं असेल तर ती भरपाई नाही, वेठबिगारी आहे, आणि ती कायद्यानं गुन्हा आहे. मिश्नात एक निवाडा आहे, चोरलेली तुळई घरात बसवून टाकली असेल तर घर पाडायला लावू नका, तिची किंमत घ्या, नाहीतर कुणी परत फिरणारच नाही.

मान मोडू नका

जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात फटक्यांना ४० ची मर्यादा आहे आणि कारण दिलंय, त्यापेक्षा जास्त मारलं तर तुझा भाऊ तुझ्या नजरेत हलका होईल. मार खाणारा माणूस त्यावेळीही ‘भाऊ’च आहे. अनुवाद २४ मध्ये उधारी वसूल करणाऱ्याला सांगितलंय की गहाण घ्यायला त्याच्या घरात घुसू नको, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. अंगावर पांघरायचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे. आणि जातं गहाण घेऊ नको, जात्याची तळीसुद्धा नको, कारण तो त्याचा जीवच गहाण घेतल्यासारखं होतं. चादरीच्या गावात राहणाऱ्या आणि हप्ता थकला म्हणून माग उचलून नेणाऱ्या सगळ्यांनी ही तीन वचनं वाचावीत.

म्हणून पोराचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, गळ्यात पाटी अडकवायची नाही, बाकी कामगारांपुढं उठाबशा काढायला लावायच्या नाहीत, आणि त्याच्या बहिणीला, मामाला, त्याच्या जातीला मध्ये ओढायचं नाही. बापाच्या पापासाठी मुलाला आणि मुलाच्या पापासाठी बापाला धरू नका हे अनुवादात आहे आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला अख्खा १८ वा अध्याय त्यावरच आहे. आपल्या शहराला हे सांगायचं विशेष कारण आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टनं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये ठेवलं, आणि त्या सेटलमेंटचा कारभार काही वर्षं अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेकडं होता, म्हणजे हेच यहेज्केल ज्यांच्या टेबलावर होतं त्यांच्याकडं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला, पण ‘ते तसलेच’ हे वाक्य अजून ऐकू येतं. बैठकीत कुणी ते म्हणलं तर मध्यस्थानं तिथंच थांबवायचं.

कागद करा, पण मिठीची घाई नको

नहेम्यानं सावकारांकडून फक्त हो म्हणून घेतलं नाही. आजच्या आज शेतं, मळे, घरं आणि घेतलेलं व्याज परत करा म्हणाला, त्यांनी मान्य केल्यावर याजकांना, म्हणजे पुरोहितांना बोलवून शपथ घ्यायला लावली, आणि स्वतःही कर्ज दिलेलं होतं ते उघड सांगून स्वतःपासून सुरुवात केली. राज्यपाल म्हणून १२ वर्षं राहिला आणि हक्काचा भत्ता खाल्ला नाही. आपण काय करायचं, तर कोण, किती, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात आणि चुकला तर कुणाला फोन करायचा, एवढं एका पानावर, सगळ्यांच्या सह्या, प्रत्येकाला एक झेरॉक्स. पोलिसांत तक्रार झालेली असेल तर या कागदानं ती आपोआप मिटत नाही, वकिलाला विचारा.

नातं मात्र कागदावर ठरत नाही. याकोबानं भाऊ एसावला फसवलं होतं, वीसेक वर्षांनी परत येताना ५५० जनावरं आधी पाठवली, सात वेळा जमिनीपर्यंत वाकत गेला, आणि एसाव पळत येऊन गळ्यात पडला, दोघं रडले. पण त्यानंतर ते एकत्र राहायला गेले नाहीत. एसाव सेईरला, याकोब सुक्कोथला, आणि बाप वारला तेव्हा दोघांनी मिळून मूठमाती दिली. एवढं पुरतं की. वाटणीच्या भांडणात ‘आता परत एका चुलीवर जेवा’ असा आग्रह धरणारे नातेवाईक चांगलं झालेलं बिघडवतात.

योसेफानंही घाई केली नाही. भावांनी सतराव्या वर्षी चांदीच्या २० तुकड्यांना विकलं होतं, पुढं तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्याला दारात आले तर लगेच ओळख दिली नाही. धाकट्या बन्यामीनला अडकवून बघितलं, हे याला पण टाकून जातात का. ज्या यहूदा नावाच्या भावानं योसेफाला विकायची कल्पना काढली होती तोच पुढं येऊन म्हणाला, पोराच्या जागी मला ठेव. तेव्हा योसेफ रडला. बाराव्या शतकात मैमोनिदेस या यहूदी विद्वानांनी हाच कस लिहून ठेवला, पूर्ण पश्चात्ताप कधी, तर तीच संधी परत समोर आली आणि माणसानं ते केलं नाही तेव्हा. त्यामुळं मालकानं त्या पोराला त्याच आठवड्यात गोडाऊनची किल्ली द्यायची गरज नाही, पण कधीच द्यायची नाही असंही ठरवू नये, सहा महिन्यांनी बघू अशी तारीख कागदावरच लिहावी.

शेवटचा हप्ता आला की त्याच माणसांना परत बोलवा, कागदावर ‘पूर्ण मिळाले’ लिहून सही करा आणि तो विषय तिथून पुढं काढायचा नाही. यहेज्केल ३३ मध्ये आहे की लुबाडलेलं परत करणाऱ्याचं कुठलंही पाप पुढं आठवलं जाणार नाही, आणि मिश्नात सरळ मनाई आहे, परत फिरलेल्या माणसाला ‘आधी काय करत होतास ते आठव’ असं म्हणायचं नाही. पुढच्या खेपेला कोन कमी भरले तर पहिला फोन त्या पोराला लावू नका, आधी गोडाऊनचं रजिस्टर आणि आलेल्या मालाचं चलन तपासा.